माइंडसेट आहे, बारदाना नाही

समृद्धी महामार्गाचा एक फायदा अजून कुठल्या अहवालात आलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि प्रेरणादायी वक्त्यांची सोय झाली. आता वक्ता कारंजाला किंवा शेलूबाजारला उतरतो, वाशिमच्या एखाद्या मंगल कार्यालयात दोन तास पोरांना जागं करतो आणि दिवे लागायच्या आत परत महामार्गावर असतो. पूर्वी त्याला अकोल्याला मुक्काम करावा लागला असता, आणि मुक्कामाला राहिलेल्या माणसाला लोक प्रश्न विचारतात. ती भीती आता उरली नाही.

त्याचं म्हणणं मी त्याच्याच जोशात मांडतो, म्हणजे अन्याय केला असं कोणी म्हणायला नको. वाशिम मागे का? नीती आयोगानं २०१८ साली देशातले शंभरावर आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार, नंदुरबार, उस्मानाबाद, गडचिरोली आणि तुम्ही. का? तर तुमची स्वप्नंच छोटी! पोलीस भरती, तलाठी भरती, नाहीतर पुण्यात कंपनीत बारा तासांची पाळी. नोकरी मागू नका, नोकऱ्या द्या. पडायला भिऊ नका. लवकर पडा, लवकर शिका, दुप्पट वेगानं वाढा. डेटा हे नवं तेल आहे. एआय तुमच्या बापाला सांगेल केव्हा पेरायचं आणि केव्हा विकायचं. आणि या सगळ्याची सुरुवात पहाटे पाच वाजता होते, स्वतःपासून. बाहेर कसलीच अडचण नाही. जी आहे ती तुमच्या डोक्यात. मग टाळ्या, मग सेल्फी, मग पडद्यावर एक क्यूआर कोड, पुढच्या कोर्सची फी भरण्यासाठी. नोकऱ्या देणारे किती निघाले ते पुढच्या भेटीत कोणी विचारत नाही, कारण पुढच्या भेटीला वक्ता दुसरा असतो.

हे सगळं मला नामंजूर आहे. भाषणानं एखाद्या पोराला चार दिवस उभारी येत असेल, तर येवो बापडी. पण जिल्ह्याच्या दैन्याचं कारण म्हणून जे ठोकून दिलं जातं ते खोटं आहे, आणि खोटं कितीही उत्साहानं बोललं तरी खरं होत नाही.

पहाटे पाचचं आधी उरकून घेऊ. रॉबिन शर्मांचं त्या नावाचं पुस्तक २०१८ साली आलं आणि तेव्हापासून पाच ही वेळ पवित्र झाली. सर, शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, हा पाळीचा खेळ तुम्ही ऐकला आहे का? ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असते त्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री दोनला उठतो, बॅटरी आणि काठी घेऊन, कारण वाटेत साप असतो आणि धुऱ्यावर रानडुक्कर. पाचला तो घरी येऊन पाठ टेकतो. त्याला तुम्ही लवकर उठण्याचे फायदे सांगणार? लवकर उठून माणूस श्रीमंत झाला असता तर मालेगाव आणि मानोरा तालुक्यांतल्या बाया आतापर्यंत शेअर बाजारात नोंदल्या गेल्या असत्या.

आता जरा जड मुद्दा. ‘लवकर पडा, लवकर शिका.’ हे वाक्य जिथून आलं तिथं पडण्याची किंमत कोण देतो? तिथं कंपनी म्हणजे मर्यादित जबाबदारीची प्रायव्हेट लिमिटेड, पैसा गुंतवणूकदाराचा, आणि गुंतवणूकदाराचा हिशेबच असा की दहांतल्या बहुतेक बुडाल्या तरी एक तरली की सगळं वसूल. बायजूज २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरची म्हणवत होती, आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पैसे बुडाले ते फंडांचे आणि सावकारी करणाऱ्या मोठ्या संस्थांचे, नोकऱ्या गेल्या हजारोंच्या. त्यातून धडे काढणारे लेख मात्र रकानेच्या रकाने भरून आले. इतकं महाग शिक्षण दुसऱ्याच्या खर्चानं घेता येतं, म्हणून तिथं पडण्याचं कौतुक आहे.

रिसोडच्या पोरानं हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून पावडर विकायची ठरवली तर काय होतं? सरकारी योजना आहे, मुद्रा आहे, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती आहे, कागदावर सगळं आहे. बँकेत गेला की सिबिल. सिबिल का खराब? बापाचं पीककर्ज थकलं आणि ह्याचं नाव सहकर्जदार म्हणून लागलेलं. मग तारण. तारण काय? जमीन. म्हणजे पडला तर बोजा सातबाऱ्यावर चढतो, तोही त्या सातबाऱ्यावर जिथं बापाचं, काकाचं, आत्याचं नाव आहे. बेंगळुरूच्या संस्थापकाचं अपयश त्याच्या ओळखपत्रात शोभून दिसतं. ह्या पोराचं अपयश बहिणीच्या लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांच्या तोंडी येतं. दोघांना एकच सल्ला देणाऱ्याला मी धाडसी म्हणणार नाही, बेजबाबदार म्हणेन. आणि मग तो पोरगा अभ्यासिकेत जाऊन पोलीस भरतीचे प्रश्नसंच सोडवतो तेव्हा त्याला भित्रा ठरवायचं? दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार, दवाखान्याचा खर्च, आणि त्या पगाराच्या स्लिपवर कर्ज द्यायला हात जोडून उभी असलेली तीच बँक. जोखमीचा हिशेब त्याला तुमच्यापेक्षा चांगला कळतो. काहून कळू नये? चार एकर कोरडवाहूवर तो तोच हिशेब करत मोठा झाला.

आता तेलाकडे येऊ. डेटा हे नवं तेल, हे क्लाइव्ह हम्बी या इंग्रज गणितज्ञाचं २००६ सालचं वाक्य. ते आमच्या जिल्ह्यात येऊन कोणी बोलतं तेव्हा मला हसू येतं, कारण जुन्या तेलाचं काय होतं ते आम्हाला पाठ आहे. वाशिम म्हणजे सोयाबीन. क्विंटलभर सोयाबीनमधून अठरा-वीस किलो तेल निघतं, बाकीची पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. बी आमचं, शेत आमचं, पाऊस न पडल्याचा घोर आमचा. बाजार समितीच्या यार्डात हर्रास होतो, ओलावा आणि माती यांच्या नावानं कपात होते, पट्टी हातात येते, ट्रक बाहेर जातो. बराचसा माल दुसऱ्या जिल्ह्यांतल्या, दुसऱ्या राज्यांतल्या गिरण्यांत गाळला जातो आणि महिन्याभरानं किराणा दुकानात एक लिटरच्या पाऊचमध्ये आमच्याच पैशानं परत येतो. डेटाचं अगदी हेच चाललं आहे. फरक एवढाच की सोयाबीनची निदान पट्टी मिळते.

काय काय देतो आम्ही? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. पूर्वी तलाठी ज्याची नोंद करायचा तो पेरा आता शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून फोटोसह भरायचा. फोन त्याचा, नेटपॅक त्याचा, रेंज शोधत झाडावर चढायचं तेही त्यानंच. सरकारी काम फुकटात करून देणारा असा कर्मचारी जगात कुठे मिळाला असता? आणि बक्षीस काय? २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५ हजारांचं अर्थसाहाय्य जाहीर झालं तेव्हा ज्यांची नोंद ॲपवर नव्हती ते आधी यादीबाहेर राहिले. ओरड झाली, तेव्हा सातबाऱ्यावरची नोंद धरावी लागली. मग ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला. एप्रिल २०२५ पासून तो नसेल तर योजनाच नाही. त्या अर्जावर ‘सहमती आहे’ असा एक चौकोन असतो. नाही म्हटलं तर उपाशी राहायचं, अशी ही सहमती. तिला सहमती म्हणायला जीभ धजावणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

बरं, दिलं. परत काय आलं? महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळाला एक अशी राज्यभर दोन हजारांवर उभी आहेत. मंडळात वीस-पंचवीस गावं. मृगाचा पाऊस एका शिवारात पडतो आणि नाल्यापलीकडचं शिवार कोरडं राहतं, हे शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. पण केंद्रानं मोजला तोच पाऊस, बाकीचा पडलाच नाही. विम्यासाठी उत्पादन ठरवायचं तेही मंडळाच्या सरासरीवर, मोजक्या पीक कापणी प्रयोगांवरून, आणि आता सोयाबीनसारख्या पिकांत उपग्रहाच्या अंदाजालाही वजन. शेतकऱ्यानं नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची असे, एक तास उशीर झाला तर अर्ज बाद होई. कंपनीनं कोणत्या आकड्यावर दावा नाकारला ते सांगायला मुदत किती होती? २०२३ मध्ये एक रुपयात विमा म्हणून गाजावाजा झाला, २०२५ च्या खरिपात ती योजना गुंडाळली आणि स्थानिक आपत्तीचं संरक्षणही काढून घेतलं. दोन वर्षं भरलेले अर्ज, फोटो, अक्षांश-रेखांश सगळे कुठेतरी सर्व्हरवर आहेत. गावाच्या चावडीवर त्यातला एक तक्ता लागलेला कोणी पाहिला असेल तर मला दाखवा.

‘एआय सांगेल केव्हा विकायचं’ हे तर मला सगळ्यांत विनोदी वाटतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजारांवर गेलं. त्या वेळी शेतकऱ्याच्या घरात दाणा नव्हता, नवं पीक अजून हिरवं होतं. ते घरात यायच्या आधीच केंद्रानं १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि ऑक्टोबरपर्यंत भाव निम्म्यावर आला. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुन्हापुन्हा वाढवली. म्हणजे पुढच्या चार-सहा महिन्यांत भाव काय राहील याचा जो एक उघडा, सगळ्यांना दिसणारा आकडा होता, तोच विझवला. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क निम्मं केलं. आता सांगा, कुठलं मॉडेल हे शिकणार? दिल्लीत शुक्रवारी संध्याकाळी निघणारी अधिसूचना कुठल्या उपग्रहाला दिसते? भाव ठरवणारा डेटा मंत्रालयांच्या फायलीत, आणि ‘डेटावर आधारित निर्णय घ्या’ हा उपदेश मंगरुळपीरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला!

पेरणीचंही तसंच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी विभाग दर जूनला सांगतो, करड्याचं कृषी विज्ञान केंद्र सांगतं, आणि बापाला ते त्याआधीपासून माहीत आहे. ओल आहे की नाही ते तो मुठीत माती दाबून बघतो. त्याला माहीत नसतं ते एवढंच की पीककर्जाचा पैसा पेरणीआधी खात्यात पडेल की नंतर. जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. मध्यवर्ती सहकारी बँक अजून अकोल्याचीच. राज्यानं २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण आणलं, ५०० कोटींची तरतूद सांगितली. आनंद आहे. त्या एआयनं पहिलं काम कोणतं करावं ते मी सांगतो: कर्जाच्या फायली कुठल्या टेबलावर किती दिवस पडून राहतात त्याचा रोजचा आकडा जाहीर करावा. ह्या प्रयोगाला एकाही ड्रोनची गरज नाही.

आणि डेटा गोळा करण्यात नवं काय आहे? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, मँचेस्टरचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे वाशिम हा बासीम नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला. १९०५ मध्ये तो मोडला आणि वाशिम अकोल्यात गेलं. इंग्रजांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला, रिव्हेट-कार्नॅक त्याचं नाव. किती पेरा, किती आवक, काय भाव, कुठल्या रस्त्यानं गाठोडी जातात, सगळी नोंद. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, व्हाइसरॉय मेयो स्वतः उद्घाटनाला. माहिती उत्तम होती, वेगानं पोचत होती. पोचत होती ती लँकेशायरला. युद्ध संपल्यावर भाव उतरत गेले तेव्हा वऱ्हाडच्या कास्तकाराला त्याची आगाऊ खबर कोणी दिली नाही. आजच्या डॅशबोर्डचे रंग त्यांच्या वह्यांपेक्षा सुंदर आहेत, हे मान्य.

एवढं सगळं असूनही हा जिल्हा हात बांधून बसलेला नाही, आणि वक्त्यांना नेमकं हेच दिसत नाही. गेल्या काही वर्षांत इथं चिया आला. कोणी पिच डेक दाखवला नव्हता. दोन-चार जणांनी करून पाहिलं, रोही आणि रानडुक्कर त्याला तोंड लावत नाहीत हे लक्षात आलं, पाणी कमी लागतं हे दिसलं आणि शिवारं बदलली. सुरुवातीला माल मध्य प्रदेशात नीमचच्या बाजारात न्यावा लागे. नंतर वाशिमच्या बाजार समितीतच चियाची खरेदी सुरू झाली. नवं उत्पादन, प्रयोग, बाजारपेठेचा शोध, विस्तार, तुमच्या पुस्तकात वाढीच्या ज्या पायऱ्या असतात त्या सगळ्या यात आहेत. सोयाबीनचं जेएस ३३५ वाण सोडून फुले संगम कधी धरायचं, रुंद वरंबा-सरीनं किती बी वाचतं, यावर चहाच्या टपरीवर जी चर्चा होते ती ऐकली असती तर ‘यांना बदल नको असतो’ असं म्हणायची हिंमत झाली नसती. शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या. त्यांतल्या कित्येक आज नावापुरत्या आहेत, हे खरं. का, ते त्यांच्या संचालकांना विचारा. ‘माल घ्यायले पैसा कोण देते?’ हे पहिलं उत्तर येईल आणि तेच शेवटचं.

थांबण्याची ताकद हा खरा मुद्दा आहे. ज्याला फेब्रुवारीपर्यंत थांबता येतं तो भाव घेतो, ज्याला दिवाळीआधी विकावं लागतं तो भाव देतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे: गोदामात माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजानं घ्या, भाव आला की विका. एखाद्या प्रेरणा-शिबिरात ह्या योजनेचा अर्ज वाटलेला मी ऐकलेला नाही. गोदामं किती, ती कुठल्या तालुक्यात आहेत, बाजार समितीकडे तारणाला पैसा किती, यात टाळ्यांची वाक्यं नसतात ना.

२०२४ चा हंगाम आठवा. सोयाबीनचा हमीभाव ४ हजार ८९२ रुपये, बाजारात त्याहून पाच-सातशे कमी. ऑनलाइन नोंदणी केली, ओटीपी आला, मेसेज आला, गाडी भाड्यानं केली, केंद्रावर रांग. तिथं ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून माल परत. ही मर्यादा १५ वर नेल्याचं कळलं तोवर नोव्हेंबर अर्धा सरला होता. त्यातून जो पार पडला त्याला राज्यभरच्या केंद्रांवर काय ऐकू आलं? बारदाना नाही. पोती संपली. ॲप होतं, पोर्टल होतं, अंगठा जुळत होता, शेतकऱ्याचा माइंडसेट तर रात्रभर ट्रॉलीवर झोपण्याइतका सकारात्मक होता. पोतं नव्हतं.

यावर वक्त्याचा ठरलेला टोला असतो: मग काय, सगळं सरकारनंच करायचं का? हो ना, विचाराच. पण आधी तुमच्या स्टार्टअपला विचारा. जानेवारी २०१६ च्या स्टार्टअप इंडियात पहिल्या दहा वर्षांतली तीन वर्षं नफ्यावर करमाफी आहे. सिडबीच्या हाती १० हजार कोटींचा फंड ऑफ फंड्स दिला. २०२४ च्या अर्थसंकल्पात एंजल टॅक्स रद्द झाला. ह्याला तुम्ही ‘इकोसिस्टीम’ म्हणता, आणि शेतकऱ्यानं हमीभावाची खरेदी वेळेवर मागितली की तो फुकट्या होतो. तुमच्या संस्थापकाला कोणी म्हटलं का, की बाबा रे, करमाफी कशाला, पहाटे पाचला ऊठ?

शेतकरी आळशी, व्यसनी, लग्नात उधळणारा, म्हणून गरीब, हा सिद्धांत जुनाच आहे. स्वित्झर्लंडची नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आलेल्या शरद जोशींनी १९८० च्या आसपास गावोगाव उभं राहून तो खोडला: गरिबी शेतकऱ्याच्या स्वभावात नाही, शेतमालाच्या भावात आहे. वऱ्हाडातल्या सभांत लोकांनी ते ऐकलं, कारण कोणीतरी प्रथमच त्यांच्या डोक्यात दोष न शोधता हिशेब मांडत होतं. पंचेचाळीस वर्षांनी तोच खोडलेला सिद्धांत कोट घालून, कॉलर माइक लावून परत आला आहे, आणि आता आम्ही तो तिकीट काढून ऐकायचा.

तेव्हा सर, तुमच्याच भाषेत एक प्रस्ताव देतो. पुढच्या वेळी येताना क्यूआर कोड आणू नका, पॅन कार्ड आणा. सभागृहातला जो पोरगा तुम्ही उठवून उभा कराल, ज्याच्या डोळ्यांत तुम्हाला आग दिसेल, त्याच्या हळदीच्या युनिटला बँकेत जामीनदार म्हणून सही करा. नफ्यात निम्मी भागीदारी घ्या, त्याची हरकत नाही. तोटा झाला तर निम्मा बोजा तुमच्या पुण्याच्या फ्लॅटवर चढेल. अपयशातून शिकायला मिळतंच, दोघंही शिकाल. सही कुठल्या शाखेत करता, वाशिम की रिसोड?